उन्हाचं माप

हरिबा मेटकरी जन्मात कधी उन्हाला भ्याला नव्हता. आटपाडी तालुक्यातल्या एका कोरड्या वाडीत त्याचा जन्म, आणि दहाव्या वर्षापासून पाय मेंढरांच्या मागं. दिवाळी झाली की कळप घेऊन कृष्णाकाठ गाठायचा, कधी कोयनानगरचा घाट उतरून पार कोकणात जायचं, आणि मिरगाच्या तोंडावर माघारी फिरायचं. डोक्याला पिवळा पटका, खांद्यावर काळं घोंगडं, बाकी सगळा संसार उघड्यावर. "ऊन म्हंजी आपलं भाऊबंद," तो म्हणायचा. "भांडतंय, पर घरचं हाय."

आता साठीच्या आसपास आल्यावर त्याची फिरस्ती सुटली होती. विहिरीवर दोन एकर डाळिंब, चाळीसएक मेंढरं, पत्र्याचं नीटनेटकं घर. मुलगा सूरज कुपवाडच्या एका कारखान्यात लेथवर कामाला. तिथंच खोली करून राहायचा आणि शनिवारी संध्याकाळी मोटरसायकलवरून घरी यायचा. सून सुवर्णा सासू-सासऱ्यांजवळ. ती तशी परकी नव्हतीच. हरिबाची बायको धोंडुबाई हिच्या सख्ख्या भावाची ती लेक. धोंडुबाईनंच हट्ट धरून भाची सून करून आणली होती.

या घरात प्रांजल जन्मली. सहा महिन्यांची असताना धोंडुबाईनं तिला तेल चोळून सकाळच्या कोवळ्या उन्हात अंगणात निजवलं. वाडीतली सगळी पोरं अशीच निजवली जातात, सूरजही असाच वाढला होता. पण संध्याकाळपर्यंत पोरीचं अंग लालबुंद झालं आणि दुसऱ्या दिवशी गालांवर फोड आले. तेल वाईट निघालं असं सगळ्यांनी ठरवलं आणि बाटली उकिरड्यावर गेली.

तेल बदललं तरी फोड काही सुटेनात. दोन वर्षांची झाली तेव्हा तिच्या तोंडावर, हातांवर कुणीतरी राळ्याचे मूठभर बारीक दाणे उधळावेत तसे काळे-तपकिरी ठिपके उमटले होते. दारात उजेड आला की ती डोळे घट्ट मिटून घ्यायची आणि आईच्या पदरात तोंड खुपसायची. गावच्या डॉक्टरांनी मलमं दिली. धोंडुबाईनं बिरोबाला नवस बोलला. शेजारणी हळू आवाजात काहीबाही बोलायला लागल्या, आणि सुवर्णानं पाणवठ्यावर जायचं सोडलं.

शेवटी सूरजला कारखान्यातल्या एका माणसानं सांगलीतल्या त्वचेच्या डॉक्टरांचं नाव सांगितलं, डॉ. नीलिमा होवाळ. चाळिशीच्या, चष्मा लावणाऱ्या आणि कमी बोलणाऱ्या बाई. त्यांनी पोरीला पाहिलं आणि उठून आधी खिडकीचा पडदा ओढला. त्या पडद्यावरूनच हरिबाच्या मनात पाल चुकचुकली. रक्त तपासायला बाहेरगावी पाठवलं आणि पाच आठवड्यांनी सगळ्या घराला बोलावून घेतलं.

"बाळाला झिरोडर्मा नावाचा आजार आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नाव अवघड आहे, विसरलात तरी चालेल. पण आत काय घडतं ते समजून घ्या, कारण सगळं त्यावरच अवलंबून आहे."

मग त्यांनी कागद घेतला आणि एकमेकांना पीळ घातलेले दोन धागे काढले. आपलं शरीर बारीक-बारीक पेशींचं बनलेलं असतं. प्रत्येक पेशीत असा एक दुपदरी धागा असतो, त्याचं नाव डीएनए. पेशीनं काय करायचं, कसं करायचं, ते सगळं त्याच्यावर लिहिलेलं असतं. एका पेशीच्या दोन व्हायच्या आधी त्या सगळ्या लिखाणाची नक्कल होते. दोन पदर सुटे होतात आणि प्रत्येक पदराकडे बघून त्याचा नवा जोडीदार तयार होतो.

"आता ऊन अंगावर पडलं, की त्यातल्या एका किरणानं या धाग्यावरची शेजारशेजारची दोन अक्षरं एकमेकांना चिकटतात. तिथं गाठ येते. तुमच्याही अंगात येते, माझ्याही येते. रोज हजारो येतात."

"आन् मग आमास्नी का काय हुईत न्हाई?" हरिबानं विचारलं.

"कारण आत कारागीर बसलेत. एक जण गाठ हेरतो. दुसरा त्या जागी धागा उसवतो. तिसरा खराब तुकडा कापून टाकतो. चौथा समोरच्या चांगल्या पदराकडे बघून तेवढीच जागा नव्यानं भरतो, आणि शेवटचा टाका घालतो. ही दुरुस्ती चोवीस तास चालू असते. प्रांजलच्या पेशीत ती होत नाही. गाठी तशाच राहतात, आणि नक्कल करायची वेळ आली की तिथं चुकीचं अक्षर बसतं. अशा चुका साठत गेल्या की कातडीचा कॅन्सर होतो. लहान वयातच."

सूरज जमिनीकडे बघत होता. हरिबानं कागद हातात घेतला. लोकरीचा दुपदरी पीळ तो जन्मभर बघत आला होता.

"म्हंजी फाटतंय समद्यांचंच," तो सावकाश म्हणाला. "हिचा रफू करणारा न्हाई."

डॉ. नीलिमांनी त्याच्याकडे जरा रोखून पाहिलं. "मामा, पुस्तकात याला दोन पानं लागतात," त्या म्हणाल्या.

धोंडुबाईनं मात्र वेगळाच प्रश्न विचारला. "हे आलं कुठनं?"

डॉक्टरीणबाईंनी ते लपवलं नाही. माणसाजवळ प्रत्येक कामाच्या लिखाणाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. एक बिघडलेली असली तरी दुसरीवर काम भागतं. सूरजजवळ एक बिघडलेली होती, सुवर्णाजवळही तीच. दोघांकडून बिघडलेली प्रत पोरीला मिळाली. घराणं एकच असलं की असं होण्याचा संभव वाढतो.

धोंडुबाई जागची उठली आणि बाहेर जाऊन पायरीवर बसली. हरिबा तिच्या मागं गेला तेव्हा ती कोरड्या डोळ्यांनी रस्त्याकडे बघत होती. "म्याच भाची आणली," ती म्हणाली. "माझ्याच माहेरचं इख हे."

"तुला काय ठावं हुतं? तुझ्या बाला तरी ठावं हुतं का?" हरिबा तिच्याशेजारी टेकला. "आता रडून काय रफू हुणार न्हाई. ऊन अडवायचं, एवढंच आपल्या हातात हाय. चाळीस वर्सं लांडगं अडवलं. ऊन काय लांडग्यापरास हुशार हाय व्हय?"

ऊन लांडग्यापेक्षा हुशार होतं. ते त्याला दोन वर्षांनी कळलं.

त्या दोन वर्षांत त्यानं जिवापाड राखण केली. दिवसा पोर घरात, खिडकीला गोणपाट, दाराला जाड पडदा. दिवस मावळला की आजोबा-नात मळ्यात जायची आणि ती कोकरांमागं धावायची. पण चार वर्षांच्या पोरीला दिवसभर अंधाऱ्या घरात कोंडायचं म्हणजे काय असतं, हे कोंडणाऱ्यालाच माहीत. श्रावणातल्या एका दिवशी आभाळ सकाळपासून भरून आलं होतं. सूर्य कुठं आहे ते ओळखू येईना. प्रांजल दाराशी उभी राहून म्हणाली, "आबा, आज ऊन न्हाई."

हरिबानं आभाळाकडे पाहिलं. जन्म उघड्यावर काढलेला माणूस. त्याला उन्हाबद्दल कुणी काय शिकवणार? "चल," तो म्हणाला.

तो दिवस दोघांच्या आयुष्यातला फार सुखाचा गेला. तिनं पहिल्यांदा दिवसाउजेडी मेंढरांचे रंग बघितले. ओढ्यातले खडे वेचले, दुपारी त्याच्या मांडीवर भाकरी खाल्ली. संध्याकाळी घरी आली तेव्हा तिचे डोळे सुजले होते. तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर, मानेवर, हातांवर फोडच फोड. सांगलीच्या दवाखान्यात ती आठ दिवस होती. हरिबा बाहेरच्या बाकड्यावर पटका काढून बसायचा आणि सुवर्णाच्या नजरेला नजर द्यायचा नाही.

डॉ. नीलिमांनी त्याला आत बोलावलं. तो उभाच राहिला. "बाई, शिव्या घाला," तो म्हणाला. "म्या सोताच्या हातानं लेकराला भाजलं."

"शिव्या कशाला? चूक माझी आहे. मी तुम्हाला ऊन टाळा म्हणाले. ऊन आणि तो किरण एक नव्हे, हे नीट सांगितलं नाही. तो किरण डोळ्याला दिसत नाही आणि अंगाला तापतही नाही. ढगातून येतो, पाण्यावरून, पांढऱ्या भिंतीवरून उडून येतो." त्यांनी टेबलाच्या खणातून काडेपेटीपेक्षा थोडं मोठं यंत्र काढलं. "आकडे वाचता येतात ना?"

"मेंढरं मोजायला लागत्यात. फोनवरचं बी येत्यात."

"मग हे ठेवा. हे त्या किरणाचं माप दाखवतं. शून्य आलं तरच पोरीला तिथं न्यायचं. आणि प्रत्येक वेळी मला सांगायचं, कुठं किती आलं."

त्या दिवसापासून वाडीला हरिबाचं नवंच रूप दिसायला लागलं. खांद्यावर काठी, हातात यंत्र, आणि माणूस भिंतीला, झाडाला, दाराला यंत्र लावत हिंडतोय. भर दुपारी माळावर बारा. ढगाळ दिवशी सात! बाभळीच्या सावलीत पाच, चिंचेखाली दोन. बंद काचेच्या खिडकीतून एक, आणि गोणपाटातूनसुद्धा, विणीच्या भोकांतून, एक. आजवर ज्याला सावली म्हणत आलो, ती सावली नव्हतीच. दर शनिवारी सूरज घरी आला की तो हे आकडे वहीत उतरवून घ्यायचा आणि सोमवारी सांगलीत बाईंना नेऊन द्यायचा.

एका दुपारी हरिबानं अंगणात सगळ्या घरातलं कापड मांडलं. धोतराखाली यंत्र ठेवलं, चार आले. सूरजच्या शर्टाखाली तीन. धोंडुबाईच्या लुगड्याखाली दोन. सुवर्णा दारातून बघत होती. मग त्यानं खांद्यावरचं काळं घोंगडं काढलं, यंत्रावर टाकलं आणि कडेनं डोकावून पाहिलं.

शून्य.

त्यानं यंत्र झटकलं, पुन्हा ठेवलं. पुन्हा शून्य. घोंगडं उलटं केलं. शून्यच.

"आगं ए!" तो मोठ्यानं ओरडला. "इकडं ये, बघ! सुवर्णा, ये बाळा! आपल्या मेंढराच्या लोकरीतनं एक किरान जाईना बघ!" दवाखान्यातून आल्यापासून सासरा सुनेशी पहिल्यांदाच नजर वर करून बोलला होता. सुवर्णा खाली बसली, तिनंही आकडा पाहिला, आणि मग घोंगडं स्वतःच्या हातानं पुन्हा एकदा यंत्रावर टाकलं.

घोंगडं जड आणि खरखरीत. पोरीच्या अंगाला ते कसं सोसणार? हरिबा शेजारच्या गावी आकाराम सणगराकडे गेला. सणगर म्हणजे घोंगडी विणणारा, आणि आकारामचा माग त्या भागातला शेवटचा. त्याला हरिबानं जावळाची लोकर नेऊन दिली. कोकराची पहिली कातरण म्हणजे जावळ, हातात धरली तर सायीसारखी मऊ. आकारामनं चिंचोक्याची खळ न लावता पातळ पण घट्ट विणीचं कापड काढलं. तीन वेळा हरिबानं मापून परत केलं, चौथ्या वेळी शून्य आलं. सुवर्णानं त्याचा टोपीसकट अंगरखा शिवला, आतून सुती अस्तर लावलं. तोंडापुढं लावायला डॉ. नीलिमांनी आरपार दिसणारी, पण किरण अडवणारी फिल्म मागवून दिली. प्रांजल तो घालून अंगणात उभी राहिली, सकाळचे अकरा वाजले होते, आणि हरिबानं तिच्या हनुवटीखाली यंत्र धरलं. मग म्हणाला, "पळ."

ती पळाली. विहिरीपर्यंत आणि परत.

सहाव्या वर्षी शाळेचा प्रश्न आला. वाडीची शाळा दोन खोल्यांची, मोठमोठ्या खिडक्यांची. उत्कर्षाबाई नावाची तरुण शिक्षिका नुकतीच बदलून आली होती. तिनं पोरीला घ्यायची तयारी दाखवली, पण पालकांची सभा भरली तेव्हा अर्जुना खांडेकर उठून उभा राहिला. त्याचं बोलणं सरळ होतं. "आमची पोरगी तिच्याशेजारी बसणार न्हाई. तोंडावरचं ते लागट असलं म्हंजी?"

हरिबा उठला. आधी त्यानं पटका काढला आणि अर्जुनाच्या अगदी पुढ्यात जाऊन उभा राहिला. "सा वर्सं झाली, ती माझ्या कडंवर हाय, माझ्या ताटात जेवती. बघ माझं त्वांड. लागलंय काय?"

अर्जुना खाली बसला. मग हरिबानं सगळ्या सभेला ते दुपदरी धाग्याचं सांगितलं. गाठ कशी पडते, ती आपल्या अंगात कशी रोज निस्तरली जाते, आणि या पोरीच्या अंगात ती का निस्तरत नाही. "तुमी आमी उन्हात हिंडतुया ते काय आपल्या मर्दुमकीनं न्हाई, गड्या. आत कुणीतरी रातंदीस रफू करतंय म्हून हिंडतुया. तिला ते न्हाई. मग बाहेरनं आपुन करायचं."

पुढच्या रविवारी शाळेच्या काचांना तसलीच फिल्म चिकटवायचं काम निघालं. सूरजनं कुपवाडहून पट्ट्या आणल्या. शिडी अर्जुना खांडेकरनं आणली, आणि शिडीवर चढलाही तोच. प्रार्थना मैदानातून वर्गात आली. ट्यूबलाइटजवळ यंत्र धरल्यावर आकडा हलला म्हणून उत्कर्षाबाईंनी ट्यूबा काढून साधे एलईडी दिवे लावून घेतले. प्रांजल शाळेत बसली, अर्जुनाच्या पोरीशेजारी.

असं सगळं नीट चाललं होतं, आणि नवव्या वर्षी तिच्या नाकपुडीवर मोहरीएवढा चकचकीत दाणा उठला. डॉ. नीलिमांनी तो काढला, तपासायला पाठवला. जे नको होतं तेच निघालं. वेळेवर काढल्यानं धोका टळला, पण हरिबा खचला. तो रोज सकाळी मापायचा, कधी चुकला नव्हता. मग हे कसं?

"मामा, हे जुनं आहे," डॉ. नीलिमा म्हणाल्या. "पहिल्या चार वर्षांतल्या गाठी. त्या गेलेल्या नाहीत. नव्या तुम्ही पडू दिल्या नाहीत."

नाकाला पट्टी लावलेली प्रांजल खाटेवरून ऐकत होती. घरी येताना गाडीत ती हरिबाला म्हणाली, "आबा, त्या ढगाच्या दिवसाचं असंल का हे?"

तिला तो दिवस आठवत होता. खोटं तो तिच्याशी कधी बोलला नव्हता. "असंल," तो म्हणाला.

पोरगी म्हणाली, "मला खडं घावलं हुतं त्या दिशी. निळं. अजून हायती माझ्याकडं." आणि त्याच्या दंडाला टेकून झोपली.

त्यानंतर चार वर्षं गेली. एक नवा दाणा उठला नाही. दर तीन महिन्यांनी डॉ. नीलिमा तिची इंच-इंच कातडी बघायच्या, डोळे, कान, चालणं तपासायच्या आणि वहीत लिहायच्या. अशाच एका तपासणीनंतर त्या हरिबाला म्हणाल्या, "डिसेंबरात साताऱ्याला त्वचेच्या डॉक्टरांची सभा आहे. दोनेकशे डॉक्टर येतील. तुम्ही आणि प्रांजल यायचं."

"तिला दावायला?" हरिबाचा आवाज चढला. "ती काय जत्रंतली चीज हाय?"

"तिला दाखवायला नाही. तुम्ही सांगायला. मी काय केलं ते मला दहा मिनिटांत सांगता येईल. तुम्ही काय केलंत ते मला सांगता येणार नाही."

हरिबानं प्रांजलकडे पाहिलं. ती आठवीत होती, आणि मुळीच लाजरी नव्हती. "जाऊया की आबा," ती म्हणाली.

सभागृहाचे पडदे ओढलेले होते, दिवे डॉ. नीलिमांनी आदल्या दिवशी स्वतः बघून घेतले होते. हरिबानं धुतलेलं धोतर, नवा पटका घातला होता. शेजारी धोंडुबाई, सूरज, सुवर्णा. पडद्यावर एकामागून एक तक्ते येत होते, त्यातलं इंग्रजी त्याला कळत नव्हतं. मग डॉ. नीलिमांनी त्याचं नाव घेतलं आणि तो मंचावर चढला. समोर सगळे कोट आणि चष्मे. पंचमीच्या बाजारात मेंढरं विकताना ज्या आवाजात बोलायचा, तो आवाज त्यानं काढला.

"राम राम मंडळी. तुमी समदी शिकल्याली. मला लिवाय येत न्हाई. म्या आधी काय चुकलो त्ये सांगतो, मंग काय केलं त्ये."

त्यानं ढगाळ दिवसाचं सांगितलं. काही झाकलं नाही. मग माप, बाभळीची सावली, धोतर आणि लुगडं, घोंगड्याखालचं शून्य, आकारामचा माग, शाळेच्या काचा आणि शिडीवर चढलेला अर्जुना. दहा मिनिटं दिली होती, पंचवीस झाली तरी त्याला कुणी थांबवलं नाही.

पुढच्या रांगेतले एक पांढऱ्या केसांचे डॉक्टर उठले. "माझ्याकडे अशी अकरा मुलं आली," ते म्हणाले. "तेराव्या वर्षापर्यंत प्रत्येकाला मी पाच-सहा वेळा तरी ऑपरेशनच्या टेबलावर घेतलंय. काहींना त्याहून जास्त. तुमच्या नातीला एकदाच. आजोबा, मी हे काम तीस वर्षं करतोय. सावलीत किती किरण असतो हे मी कधी झाडाझाडाखाली जाऊन मोजलं नाही." आणि ते खाली बसायचं सोडून टाळ्या वाजवायला लागले.

एका तरुण डॉक्टरनं प्रांजलला विचारलं, "तुला तुझा आजार काय आहे ते माहीत आहे?"

प्रांजल उठून आजोबांजवळ गेली. माईक तिनं स्वतःच खाली ओढला. "आबा सगळ्यांना सांगतात की माझा रफू करणारा नाही," ती म्हणाली. "ते चूक आहे. रफू करणारा आहे. गाठ हेरणारा आहे, कापणारा आहे, भरणारा आहे, टाका घालणारापण आहे. सगळे कामाला हजर आहेत. फक्त उसवणारा मोडका आहे. धागा उसवलाच नाही तर बाकीचे काय करणार? ते नुसते बसून राहतात. माझ्या तपासणीच्या कागदावर लिहिलंय तसं. मी बाईंकडून समजून घेतलं. मला मोठी झाल्यावर तो उसवणारा बघायचाय, कसा दिसतो."

सभागृह आधी हसलं आणि मग पुन्हा टाळ्या. हरिबा हसला नाही. दहा वर्षं तो जे सगळ्या गावाला सांगत आला होता, ते नातीनं दोनशे डॉक्टरांपुढं खोडून काढलं होतं, आणि त्याचा ऊर असा भरून आला की त्याला मंचाची पायरी दिसेना. सूरजनं येऊन हात दिला. धोंडुबाई खुर्चीत ताठ बसली होती. ती शेजारच्या अनोळखी डॉक्टरीणबाईंना सांगत होती, "आमची हाय ती. माझ्या भावाची बी नात लागती."

जेवणाच्या वेळी एक जोडपं त्यांना शोधत आलं. नवऱ्याचं नाव विश्वजीत, गाव दहिवडीजवळ. बायकोच्या कडेवर टॉवेलात गुंडाळलेलं दोन वर्षांचं पोर, गालांवर तसेच ठिपके. पांढऱ्या केसांच्या डॉक्टरांनीच त्यांना बोलावलं होतं. विश्वजीत काहीतरी विचारायला पुढं झाला आणि मध्येच पोराचा टॉवेल सारखा करू लागला. त्याची बायकोच म्हणाली, "आवं मामा, सुरवात कुठनं करायची?"

सुवर्णानं ते पोर स्वतःकडे घेतलं. हरिबा म्हणाला, "हितं सांगून काय उपेग? घर बघाय पायजे. बेस्तरवारी येतो."

गुरुवारी तो दोन एसट्या बदलून दहिवडीला उतरला. विश्वजीतनं त्याला मोटरसायकलवरून मळ्यातल्या वस्तीवर नेलं. घराला तीन खिडक्या होत्या, दार पूर्वेला, पुढं चुन्यानं रंगवलेली भिंत. हरिबानं घराला एक फेरा घातला, दुसरा घातला, चुन्याच्या भिंतीशी थांबून मान हलवली. ओट्यावर विश्वजीतचा म्हातारा बाप बसला होता. तो मघापासून कपाळाला आठ्या घालून बघत होता.

"पावणं, ऊन लागून कुठं पोरं मरत्यात व्हय?" म्हातारा म्हणाला. "आमी काय उन्हात वाढलो न्हाई?"

"म्या बी हेच म्हनत हुतो," हरिबा म्हणाला आणि त्याच्याशेजारी ओट्यावर टेकला. सुनेनं चहा आणून दिला. म्हाताऱ्यानं बशीत ओतलेला चहा फुंकत विचारलं, "तुमची नात हाय म्हनं अशीच. किती वर्साची?"

"तेरा."

"साळंत जाती?"

"आठवीत हाय. पयला नंबर न्हाई येत. तिसरा येतो." हरिबानं चहाचा घोट घेतला. "पर डाक्टरांच्या चुका काढती. माझ्या तर काढतीच."

म्हाताऱ्यानं बशी खाली ठेवली आणि घराच्या आत, पडद्याआड खेळणाऱ्या नातवाकडे पाहिलं. मग म्हणाला, "सांगा तर, कुठली खिडकी आधी?"